आबांना मी नवशिके म्हणू शकलो नाही

घरामागच्या पत्र्याच्या शेडच्या दारात मी त्या शनिवारी किती वेळ उभा होतो, ते मला आजही सांगता येत नाही. हातातली पिशवी हातातच होती. आत माझे वडील खांद्यावर लोखंडी बार घेऊन बैठका काढत होते आणि माझी आई पदर कमरेला खोचून त्या बारचं डावं टोक दोन्ही हातांनी वर ढकलत होती. आबा खाली बसले की तीही गुडघ्यांत वाकायची, आबा उठले की तीही उठायची. दोघांची पाठ माझ्याकडे होती. आई मोजत होती. तिने "चार" म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आबा, ठेवा खाली."

"एक राह्यला," आबा म्हणाले. आणि मागे न बघता, आईच्या हातांसकट, त्यांनी पाचवी बैठक काढली. मग बार स्टँडवर ठेवला.

वहीत पाच लिहिलेले होते. ती वही मी लिहिली होती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आबा चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. सावद्याजवळच्या आमच्या गावात आमचा थोडा जमिनीचा तुकडा आहे, पण घर चाललं ते आबांच्या खांद्यावर. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. आबा केळी कापणाऱ्या टोळीत घड वाहायचे. टोळीतला एक जण घड कापतो, आणि बाकीचे तो खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत नेतात. घड वीस-पंचवीस किलोचा असतो. बागेला नुकतं पाणी दिलेलं असलं तर पाय घोट्यापर्यंत रुततो. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर घड, असं आबांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या उजव्या खांद्यावर मोठा घट्टा आहे. लहानपणी मी त्यावर बोट दाबून पाहायचो. सगळ्यांच्या वडिलांना तिथे असंच असतं, असं मला वाटायचं.

त्या खांद्यामुळे मी जळगावला कॉलेजात गेलो. तिथल्या जिमखान्यात मी पहिल्यांदा बार पाहिला. पहिल्या वर्षातली दुसरी एक आठवणही सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. आमच्या वर्गात खेड्यातून आलेल्या मुलांना बाजूला काढून त्यांच्यासाठी सकाळी पाया पक्का करायचा वेगळा तास ठेवला होता. शिकवणारे सर भले होते, तास उपयोगाचाही होता. आज मी स्वतः शिक्षक आहे, तेव्हा ते मला कळतं. पण त्या तासाला जाताना जिन्यात कोणी भेटलं की मी वही पाठीमागे लपवायचो. खालच्या पायरीवर बसवलेल्या माणसाला कसं वाटतं, ते मला तेव्हापासून माहीत आहे.

पुढे धुळ्यात एका शाळेत गणित शिकवायला लागलो. खोलीपासून जवळ एक जुनी व्यायामशाळा होती. ती चालवणाऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. साठीचे, बुटके, रुंद मनगटांचे, आणि बोलणं अस्सल अहिराणी. त्यांच्याकडे भिंतीवर तीन काळ्या पाट्या होत्या आणि तिन्हींवर पांढऱ्या रंगाने तीन कार्यक्रम लिहिलेले होते. पहिली पाटी नवशिक्यांसाठी, दुसरी सरावलेल्यांसाठी, तिसरी मुरलेल्यांसाठी.

पहिल्या पाटीवर फारसं काही नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस यायचं, दर वेळी बैठका मारायच्या, एक दिवस बार डोक्यावर ढकलायचा, एक दिवस तो जमिनीवरून उचलायचा. रिकाम्या बारपासून सुरुवात, आणि दर खेपेला अडीच किलो वाढ. दुसरीवर सोमवार जड आणि भरपूर, बुधवार हलका, शुक्रवारी एकच फेरी पण सगळ्यात भारी वजनाची, आणि वाढ आठवड्यातून एकदाच. तिसरी पाटी टक्केवारीने भरलेली होती. कमाल वजनाच्या पंच्याहत्तर टक्के, पंच्याऐंशी टक्के, मग एक हलका आठवडा, मग पुन्हा चढण, आणि वाढ महिना-दीड महिन्यातून.

मी गणिताचा माणूस. पहिल्याच दिवशी तिसऱ्या पाटीसमोर उभा राहून वहीत उतरवून घेऊ लागलो. नाना मागून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, पहिलीमा नाव टाका."

लोक हसले. माझे कान तापले. नानांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. त्यांचं म्हणणं असं होतं की कुठली पाटी कोणाची, हे ताकदीवरून ठरत नाही, वयावरून नाही आणि मानावरून तर नाहीच. माणूस किती दिवसांत भरून निघतो आणि पुढचं वजन घेऊ शकतो, त्यावरून ते ठरतं. नवा माणूस दोन दिवसांत भरून निघतो, म्हणून तो दर खेपेला वाढू शकतो. असं महिनोन्‌महिने वाढत जाऊन तो एके ठिकाणी अडकला की त्याला आठवडा लागतो. तिथेही अडकला की महिना. जो अजून दोन दिवसांत वाढू शकतो त्याने महिना थांबायचं म्हणजे हातची वाढ सोडायची. आणि ज्याला हालचालच येत नाही त्याच्या अंगावर जड वजन घालायचं म्हणजे वाकडेपणा पक्का करायचा. इतकं सोपं होतं. मला पटलं. मी पहिल्या पाटीवर आठ महिने होतो आणि त्या आठ महिन्यांत जेवढा वाढलो तेवढा नंतर कधीच वाढलो नाही.

म्हणजे मला हे माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आबा घडासकट बागेत पडले. फार लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टोळीच्या मुकादमाने त्यांना खेप दिली नाही. गाडीजवळ बसून घड मोजायचं काम दिलं. मुकादम वयाने आबांपेक्षा लहान, त्याने ते चांगल्या मनाने केलं होतं. आईने फोनवर सांगितलं की आबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

गणपतीत मी घरी गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलेलं नाही. त्या दिवशी दोराला उगाच पीळ देत, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "मले मोजाले बसवलं त्याहिनं. तुह्या त्या धुळ्याच्या व्यायामात माझ्यासाठी काही हाये का?"

पुढच्या उन्हाळ्यात केळीची मोठी कापणी असते. तोवर त्यांना पुन्हा खेपेला उभं राहायचं होतं. बस, एवढंच. एका माणसाला त्याच्या टोळीत त्याच्या जागी परत उभं राहायचं होतं आणि त्यासाठी तो आपल्या शिकलेल्या मुलाकडे आला होता. मला किती आनंद झाला ते लिहायला संकोच वाटतो. शेवटी माझ्या शिक्षणाचा त्यांना काहीतरी उपयोग होणार होता.

धुळ्याला परत आल्यावर मी दोनशे पानी वही घेतली. पट्टीने रेघा मारल्या. पहिल्या पानावर वर शीर्षक लिहायचं होतं. मी 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलं आणि त्याच्या खाली आबांचं नाव लिहायला पेन टेकवलं, तर हात पुढे जाईना. ज्या माणसाने तीस वर्षं वजन वाहिलं, ज्याच्या वाहण्यावर मी उभा आहे, त्याच्या नावावर मी 'नवशिका' लिहू? मला जळगावचा तो जिना आठवला. मी ते पान फाडलं. दुसऱ्या पानावर 'सरावलेल्यांसाठी' असं लिहिलं आणि खाली आबांचं पूर्ण नाव, आधी 'श्री.' लावून.

तरी मनात शंका होती, म्हणून नानांना विचारलं. विचारलं म्हणजे अर्धंच. माझ्या वडिलांसाठी आहे हे सांगितलं नाही. एक ओळखीचे आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे, त्यांच्यासाठी दुसरी पाटी चालेल का, असं विचारलं. नानांनी एकच प्रश्न केला, "कितला वरीसपासून उचलस तो?"

"तीस," मी म्हणालो.

तीस वर्षं उचलणारा म्हटल्यावर नाना काय बोलणार? चालेल म्हणाले. वजन बेताचं ठेवायला सांगितलं. मी खोटं बोललो नव्हतो, पण नाना ज्या उचलण्याबद्दल विचारत होते त्या उचलण्याचा एकही दिवस आबांच्या आयुष्यात नव्हता. हे मला त्या क्षणी कळलं होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. थोडंसं कळलं होतं, असं प्रामाणिक उत्तर आहे.

जळगावला एक जिम बंद पडली होती, तिथून जुना बार आणि त्याला लावायचे वजनाचे लोखंडी पाट मिळाले. गावातल्या वेल्डरने पाण्याच्या पाइपांचे दोन स्टँड करून दिले. शेडमधला कडबा एका बाजूला सारला. दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना शिकवलं. पहिल्याच दिवशी चाळीस किलोचा बार त्यांनी जमिनीवरून उचलला, जरा वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "झालं?" मी चाट पडलो. मला चाळीसपर्यंत पोचायला किती आठवडे लागले होते! बैठकाही त्यांनी चाळीसच्या काढल्या. बार थोडा हलत होता, पण त्या वजनाच्या आश्चर्यात मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दारात बसलेली आई मला म्हणाली की त्यांना सांभाळून शिकव. मी तिला सांगितलं की आबा दुसऱ्या पायरीवरच आहेत, काळजी करू नकोस. वहीत मी एक चित्र काढलं. काडीचा माणूस, त्याच्या खांद्यावर आडवी सरळ रेघ. रेघेखाली लिहिलं, 'बार असाच सरळ राहिला पाहिजे.'

मग मी धुळ्याला परतलो आणि दर रविवारी फोन करू लागलो. आबा एकच वाक्य सांगायचे, लिहिल्याप्रमाणे झालं. मी विचारायचो, किती किलो? ते आकडा सांगायचे. साडेबेचाळीस. पंचेचाळीस. पन्नास. शाळेत मधल्या सुट्टीत मी सहकाऱ्यांना हे आकडे सांगायचो. साठीला आलेला माणूस आणि साडेसत्तावन्न किलो! नानांनाही सांगितले, त्या 'ओळखीच्या माणसाचे' म्हणून. नाना मान डोलवायचे.

किती, एवढंच मी विचारलं. कसं, हे एकदाही विचारलं नाही. रोज पोरांना सांगतो की नुसतं उत्तर लिहू नका, रीत दाखवा.

संक्रांतीच्या सुमारास शाळेला अचानक एक शनिवार सुट्टी मिळाली. मी कोणाला न कळवता पहाटेच्या गाडीने निघालो. जळगावला गाडी बदलली, दुपारच्या आत गावात पोचलो. शेडमधून लोखंडाचा आवाज आला म्हणून घरात न शिरता थेट मागे गेलो. जे पाहिलं ते वर लिहिलंच आहे. बारवर साठ किलो होते.

आबा घाम पुसत कडब्यावर टेकले. टेकताना त्यांचा हात कमरेच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. मी काय विचारत होतो मलाच कळत नव्हतं. भारी वजनाचा दिवस तर शुक्रवार, मग आज शनिवारी कसं, असं काहीतरी पहिल्यांदा विचारलं. आईने सांगितलं की काल ती हळदीकुंकवाला गेली होती, टोक धरायला घरी कोणी नव्हतं, म्हणून आज.

टोक कधीपासून धरतेस? तर ती म्हणाली, तिसऱ्या आठवड्यापासून. आबा बसले की बार डावीकडे उतरायचा. चित्रात तर सरळ होता. सरळ राहिला पाहिजे असं लिहिलेलंही होतं. आबांनी तिला ते वाचून दाखवलं होतं. मग दोघांनी मिळून ही तोड काढली. बैलगाडीत माल एका अंगाला कलला की माणूस त्या अंगाला खांदा लावतो, तशीच. "मी नुसता हात लावते," आई म्हणाली.

मी वही मागितली. प्रत्येक दिवसासमोर आबांनी बरोबरची खूण केली होती. एकही दिवस चुकला नव्हता. आणि तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक खुणेच्या शेजारी एक ठिपका होता. तो आईचा. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती ठिपका द्यायची. पानामागून पान मी उलटत गेलो. खूण आणि ठिपका, खूण आणि ठिपका.  रविवारी फोनवर जे आकडे ऐकून मी फुशारत होतो, ते सगळे या दोघांनी मिळून उचललेले होते.

मी आबांना फक्त रिकामा बार घेऊन एक बैठक काढायला सांगितलं आणि मागून मोबाइलवर चित्रीकरण केलं. मग ते सावकाश करून पाहिलं. आबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं वर होता. तीस वर्षं घड उजव्या खांद्यावर राहावा म्हणून तो खांदा उचललेला राहिला होता आणि आता तो खाली यायचं विसरला होता. पाठीचा कणाही त्याच्याबरोबर कललेला. रिकामा बारसुद्धा डावीकडे घसरत होता. या माणसाकडे मी जन्मापासून पाहतो आहे. तो वाकडा उभा राहतो, हे मला त्या दिवशी एका मोबाइलने दाखवलं.

दीड महिन्यापासून कंबर दुखत होती, हेही आईनेच सांगितलं. रोज विटेचा शेक चालू होता. मी आबांना विचारलं की फोनवर का बोलला नाहीत.

"तू लिहून देलं होतं," ते म्हणाले.

सोमवारी रजा टाकून त्यांना जळगावला डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. हाड, मणका ठीक होते, स्नायू दुखावला होता. महिनाभर वजनाला हात लावायचा नाही, मग अगदी हलक्यापासून, आणि शिकवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, असं डॉक्टर म्हणाले. "कोणी सांगितलं होतं हे करायला?" त्यांनी सहज विचारलं. आबा म्हणाले की स्वतःच्याच मनाने केलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मला बोलायला हवं होतं. 

धुळ्याला गेल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. तो ओळखीचा माणूस म्हणजे माझे वडील, तीस वर्षं उचलणं म्हणजे केळीचे घड, आणि मी पान का फाडलं ते. नाना रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मोबाइलवरचं ते चित्रीकरण तीनदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले की महिना झाला की घेऊन या.

एका रविवारी सकाळी आबा धुळ्याच्या त्या व्यायामशाळेत आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात वही. भिंतीवरच्या तिन्ही पाट्या त्यांनी उभं राहून एकेक अक्षर जुळवत वाचल्या. मला तेव्हा पळून जावंसं वाटत होतं. नानांनी त्यांना सदरा काढायला सांगितला, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, घट्ट्यावर हात ठेवला. घड नेहमी याच खांद्यावर का, असं विचारलं. आबा म्हणाले, डाव्यावर बसतच नाही.

मग नानांनी पहिल्या पाटीकडे बोट केलं. "आबा, आठे बठ्ठा नवाच येतस. तुम्ही बी नवा शेतस." म्हणजे इथे सगळे नवेच येतात, तुम्हीही नवेच.

मी जमिनीकडे पाहिलं. जे मला इतके महिने म्हणता आलं नाही ते नानांनी चारचौघांत म्हणून टाकलं होतं. आता आबांच्या चेहऱ्यावर काय असेल ते बघायची माझी हिंमत नव्हती.

आबांनी मोठा श्वास सोडला. आणि ते नानांशी नाही, माझ्याशी बोलले. "मग हे पयलेच सांगाचं ना. पोरगं मले सरावलेला म्हनते, तर मले जमालेच पाह्यजे, असं वाटलं मले. नाई जमलं असं कसं सांगू तुले?"

त्यानंतर किती तरी दिवस हे वाक्य माझ्या कानात होतं. फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचो. मी मान म्हणून जे दिलं ते त्यांनी ओझं म्हणून उचललं, आणि मुलाला वाईट वाटू नये म्हणून खाली ठेवलं नाही. त्यांना नवशिका म्हटलेलं लागलंच नव्हतं. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. नवा माणूस चुकला तर चालतं, हे त्यांना माझ्या आधी समजलं. जिन्यात वही लपवणारा मुलगा मी होतो, आबा नव्हेत. माझी जुनी लाज मी त्यांच्या खांद्यावर ठेवली होती.

नानांनी वातावरण हलकं केलं. "मास्तर, तुम्ही बापले सरळ बारावीमा बसाडं," म्हणाले. आबाही हसले. मग नानांनी त्यांच्या हातात बार दिलाच नाही, एक बांबू दिला. आरशासमोर बांबू खांद्यावर घेऊन तो सरळ ठेवायचा, आणि सरळ राहील तेवढंच खाली जायचं. आबा अर्ध्यावरच थांबले. "आज इतलंच," नाना म्हणाले आणि वहीत पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पहिली पाटी. बांबू. पाच.

निघताना आईचं कसं झालं ते मी नानांना सांगितलं. सुरुवातीला तिला टोक दोन बैठकांच्या वर धरवत नव्हतं, नंतर ती पाचही धरायची, आणि आबांच्या बारवरचं वजन वाढत गेलं तसं तिच्याही हातावरचं.  तुमच्या घरात पहिली पाटी नीट केली ती तिने एकटीने, असं नाना म्हणाले. आता वहीच्या मागच्या बाजूने आईची पानं आहेत. मले कशाला ते, असं ती म्हणते आणि मंगळवार-शुक्रवार शेडमध्ये जाते. तिची पानं नुसत्या ठिपक्यांची आहेत.

आबांनी बांबूवरून रिकाम्या बारवर यायला पाच आठवडे घेतले. मग दर खेपेला थोडी वाढ. अडीच किलोचीही नाही, नानांनी दिलेल्या एक-एक किलोच्या छोट्या पाटांची. मी आता फोनवर किलो विचारत नाही. आबा मागून काढलेलं चित्रीकरण पाठवतात. आई काढते, त्यामुळे अर्धा वेळ पत्राच दिसतो, पण बार दिसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होतो. शेजारच्या बागेत कापणी लागली होती. सकाळी आबा गोणपाट घेऊन निघाले, मी मागोमाग गेलो. मुकादम गाडीजवळ उभा होता. त्याने आबांकडे पाहिलं, मोजणीची जागा दाखवायला हात उचलला आणि मध्येच थांबवला. आबा रांगेत जाऊन उभे राहिले होते. पुढचा माणूस घड घेऊन गेला, मग आबांची पाळी आली. त्यांनी गोणपाटाची घडी उजव्या खांद्यावरून काढली आणि डाव्यावर ठेवली.

घड डाव्या खांद्यावर नीट बसेना. कापणाऱ्याने दोनदा सरकवून दिला. आबा निघाले ते एखाद्या नव्या गड्यासारखे, हात कुठे धरायचा ते न कळून, पाय जपून टाकत. रांगेतला एक जण, माझ्याच वयाचा, मागून म्हणाला, "आबा, पयला दिवस का आज?"

टोळी हसली. मी दचकलो. मला वाटलं, झालं.

"हो," आबा चालता चालता म्हणाले. "नवाच हाये."

ते गाडीपर्यंत गेले. घड उतरवून परत आले. पुन्हा रांगेत उभे राहिले, पुन्हा डावा खांदा. मी बांधावर बसून बघत होतो. सहाव्या खेपेनंतर त्यांनी स्वतःच गोणपाट झटकलं, मुकादमाला हाताने 'बस' अशी खूण केली आणि माझ्या शेजारी येऊन टेकले. बाकीच्यांच्या खेपा दिवसभर चालणार होत्या. आबांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

घरी आल्यावर पाणी पिऊन त्यांनी वही मागितली. पेन मात्र माझ्या हातात दिलं.

"आज सहा," ते म्हणाले. "परवाचे सात लिही."